वादी क्रमांक तीन

१

त्या दिवसांत मला झोप लागत नव्हती ती नवरा गेला म्हणून, असं सगळे समजायचे, आणि मीही समजू द्यायची. खरं कारण बालवाडीचं फाटक होतं. त्याला कडी नव्हती. बाई ते सुतळीनं बांधायच्या.

बसवेश्वरची मोटारसायकल नेकनूरच्या अलीकडे ट्रकखाली गेली त्याला तेव्हा चार महिने झाले होते. सासर धर्मापुरीला, किराणा दुकान. आम्ही दोघं केजला राहत होतो, कारण मला इथल्या शाळेत नोकरी होती. पगार कधी व्हायचा, कधी नाही, पण शाळा होती. महिना झाल्यावर सासरे मन्मथप्पा आले आणि उंबऱ्यात उभं राहूनच म्हणाले की तुम्ही शिकलेल्या, तुम्ही तुमचं बघा, पोर मात्र आमच्या घरची आहे. आवाज चढवला नाही. वाण्याच्या दुकानात भाव सांगतात तसं सांगितलं.

मग एके दिवशी बालवाडीच्या बाई सहज बोलून गेल्या की परवा आजोबा जीप घेऊन आले होते, शिवांजलीला लवकर सोडता का विचारत होते. परवा शिवांजली तापानं घरी होती.

तर मी रात्रभर त्या तापाचा विचार करायची. तो एक दिवस उशिरा आला असता तर. सुतळी सोडायला किती वेळ लागतो. मी एकदा घरी सुतळीची तशीच गाठ बांधून सोडून पाहिली. चार सेकंद.

शिवांजली चार वर्षांची होती. त्या वर्षी आमच्या गल्लीत केबल आली आणि ती मला मम्मी म्हणायला लागली. बालवाडीच्या फाटकातून आत जाताना ती हात हलवायची नाही. हात पुढं धरून मूठ उघडायची, मिटायची, उघडायची, मिटायची. तिचा टाटा तो तसा. मी तो संपेपर्यंत उभी राहायची.

२

वकील करा, असं घरमालकीण वच्छलाबाईंनी सांगितलं. त्यांच्या भिंतीचा दावा सुंदरराव वकिलांकडे होता. वकील कसे आहेत असं मी विचारलं तर म्हणाल्या, "लई चांगले. अकरा वर्षं झाली, अजून हारलो न्हाई."

सुंदररावांचं ऑफिस तहसीलच्या मागं, झेरॉक्सच्या दुकानाला लागून होतं. पत्र्याची खोली. भिंतीला टेकून फायली रचलेल्या, लाल फडक्यात बांधलेल्या. पंखा फिरला की सगळ्यात वरची पानं थोडी उचलायची आणि बसायची, पुन्हा उचलायची. वकील पन्नाशीचे, हडकुळे. ते माणसाकडं बघत नसत, त्याच्या हातातल्या कागदाकडं बघत. माझ्या हातात कागद नव्हता, तर ते माझ्या पर्सकडं बघून बोलले.

म्हणाले, मुलगी आज तुमच्या ताब्यात आहे ना, मग झालं. तिला इथून हलवू नये एवढाच मनाई हुकूम मागायचा. आज जे आहे ते तसंच ठेवा म्हणायचं. कोर्टाला 'जैसे थे' म्हणायला आवडतं, कारण त्यात काही करावं लागत नाही.

मग त्यांनी कोरे ताव पुढं केले. "तुमी शिकलेल्या हाव. हकीकत तुमीच लिहून आणा. लग्न कवा, मालक कवा वारले, लेकरं किती, सगळं. कायद्याचं तेवढं मी घालतो."

मला बरं वाटलं. शिकलेली असण्याचा कुणीतरी उपयोग करून घेत होतं. मी ती हकीकत त्याच रात्री लिहिली, झोप नव्हतीच, तीन पानं, समास सोडून. दुसऱ्या दिवशी वकीलपत्रावर सही केली, खाली शिवांजलीच्या वतीनं आणखी एक. कायद्यात लहान मुलाला अज्ञान म्हणतात, आणि त्याच्यासाठी कुणीतरी जाणत्यानं सही करायची असते. जाणती मी. मग वेळेला लागतात म्हणून दोन कोऱ्या कागदांवरही सह्या केल्या. दावा टाइप होऊन आला तेव्हा शाळेची घंटा व्हायची होती. सुंदरराव एकेक पान उलटून बोट ठेवत गेले आणि मी त्या बोटाखाली सही करत गेले. वाचलं नाही. मी पोरांना वर्गात सांगते की वाचल्याशिवाय सही करू नये.

३

पंधरा दिवसांनी दाव्याची नक्कल हातात आली. मी ती एसटी स्टँडच्या बाकावर बसून वाचली.

वादी क्रमांक एक, मी. वादी क्रमांक दोन, कु. शिवांजली, वय चार वर्षे, अज्ञान. वादी क्रमांक तीन, कु. स्वप्नाली, वय चार वर्षे, अज्ञान, पालनकर्ती आई, वादी क्रमांक एक.

मी दुसऱ्याच कुणाचं पान लागलंय का पाहिलं. पुढं मजकुरात होतं, 'वादी क्रमांक एक हिस दोन मुली असून दोन्ही तिच्याजवळ राहतात.'

सुंदररावांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. म्हणाले, दोघी चार वर्षांच्या, मी समजलो जुळ्या असतील. मी म्हटलं, मला एकच मुलगी आहे. ते म्हणाले, मग टायपिंगची चूक. दाखल झालेल्या दाव्यात खाडाखोड करता येत नाही, दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागतो, पुढच्या तारखेला देऊ. एक नाव जास्त झाल्यानं कुणाचं काय बिघडतं. कमी झालं असतं तर काळजी होती.

टाइप करणारे पाशाभाई कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली बसायचे. त्यांचं मशीन त्यांच्या सासऱ्यांपासूनचं होतं, आणि तोंडात लवंग. चूक म्हटल्यावर त्यांना राग आला नाही, पण त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ताई, मी समजून टाइप करतच न्हाई. दिसतं ते मारतो. समजाया लागलो की चुका व्हतात."

त्यांनी टेबलाखालच्या पिशवीतून एक गठ्ठा काढला आणि माझी तीन पानं माझ्यापुढं धरली. दुसऱ्या पानावर, वरून सहावी ओळ. 'मला शिवांजली व स्वप्नाली अशा दोन मुली आहेत.'

अक्षर माझं होतं. समास माझा होता. 'स्व' लिहिताना मी 'स'ची गाठ जरा मोठी काढते, बी.ए.ला असताना एका बाईंनी त्यावरून टोकलं होतं. ती गाठ तिथं होती. शाई त्या ओळीपुरती वेगळी असेल म्हणून मी पान उजेडात धरलं. वेगळी नव्हती.

पाशाभाई म्हणाले, "झोप झाली न्हाई की व्हतं असं."

मला ते पटलं. अजूनही पटतं. एवढंच की मी कुणाला ठेवायचं म्हणून हे नाव कधी मनात आणलेलं नव्हतं. स्टँडकडं परत जाताना मनात आलं, नाव चांगलं आहे.

४

पहिल्या तारखेला शिवांजलीला घेऊन गेले. बालवाडीत ठेवायचा धीर नव्हता.

कोर्टाची खोली उंच होती आणि तिच्यात आवाज खाली पडायचा नाही. साहेब बोलत होते ते ऐकू यायचं, पण शब्द वेगळे व्हायचे नाहीत. आम्ही भिंतीकडच्या बाकावर बसलो. मी टोकाला, शिवांजली माझ्याशेजारी. पलीकडच्या बाकावर मन्मथप्पा आणि सासूबाई शांतादेवी. सासूबाई माझ्याकडं बघत नव्हत्या. शिवांजलीकडंच बघत होत्या. भूक लागलेला माणूस दुसऱ्याच्या ताटाकडं बघत नाही तसं, म्हणजे बघून न बघितल्यासारखं.

शिपाई दारात उभा राहून पुकारा करायचा. माझं नाव घेतलं, मी उठले. शिवांजलीचं घेतलं, तिला उठवून उभं केलं. मग त्यानं कागदावर बघून पुकारलं, स्वप्नाली बसवेश्वर. व्हरांड्यात कुणी हललं नाही. त्यानं दुसऱ्यांदा पुकारलं. सुंदरराव फायलीत बोट घालून काहीतरी शोधत होते. मला उठून सांगता आलं असतं की अशी कुणी नाही. पण कोर्टात आपण होऊन बोलायचं नसतं हे त्यांनीच सांगितलं होतं, आणि मी सांगितलेलं ऐकणारी आहे.

तिसऱ्यांदा पुकारून शिपाई व्हरांड्याकडं वळला. मोठ्या माणसाला बघताना नजर जिथं असते तिथून त्याची नजर खाली आली. कमरेएवढी. मग तो दारातून बाजूला सरकला आणि वाट दिली.

कुणी आत आलं नाही. मी दाराकडंच बघत होते, कुणीही आत आलं नाही.

शिवांजली बाकावर बसताना माझ्याकडं सरकली. मी म्हटलं, पलीकडं एवढी जागा आहे, अंगावर का येतेस. ती मांडी घट्ट जुळवून बसली. गर्दीच्या जीपमध्ये बसते तशी.

दुरुस्तीचा अर्ज त्या दिवशी झाला नाही. साहेबांना वेळ नव्हता. बाहेर आल्यावर मी सुंदररावांना आजच्या कामकाजाचा रोजनामा दाखवायला सांगितलं. बाबूनं वही फिरवून धरली. 'वादी क्र. १ ते ३ हजर. प्रतिवादी मुदत मागतात.' मी विचारलं, तीन कसे. बाबू म्हणाला, जेवढे आले तेवढे लिवतो मी.

५

पुढच्या तारखेला साहेब रजेवर होते. त्याच्या पुढच्या तारखेला सासरच्यांनी कैफियत दिली, म्हणजे आमच्या दाव्याला त्यांचं उत्तर. त्यात त्यांनी सगळं नाकारलं होतं. मी मुलीला नीट सांभाळते हे नाकारलं होतं. जीप घेऊन आले होते हे नाकारलं होतं. बसवेश्वरला माझ्या हातचं आवडायचं हेसुद्धा नाकारलं होतं. ते मी दाव्यात का लिहिलं होतं कोण जाणे. फक्त चौथ्या परिच्छेदाला त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं. 'वादीस दोन मुली आहेत हा मजकूर खरा व कबूल आहे.'

सुंदररावांनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मग म्हणाले, त्यांच्या वकिलानं न वाचता लिहिलं असेल. मी म्हटलं, पण आजी-आजोबांनी सही केलीय. त्यांना नाती किती ते माहीत असणार.

"ताई, सही करताना वाचतं का कुणी? तुमी वाचलं व्हतं?"

 ते फाईल बांधायला लागले. गाठ मारता मारता म्हणाले, आता दुरुस्तीचा अर्ज देऊन उपयोग नाही. जे एकानं म्हटलं आणि दुसऱ्यानं कबूल केलं, ते शाबीत करावं लागत नाही. ते असतंच.

घरी काही झालं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून वाटेल की घरी काही होत होतं. एकदा मी शिवांजलीची वेणी घालून फीत बांधली, ती उठून गेली, आणि मी कंगवा हातात धरून तशीच बसून होते. कुणाची तरी वाट बघितल्यासारखी. लक्षात आलं तेव्हा शाळेला दहा मिनिटं उशीर झाला होता. एकदा वच्छलाबाई म्हणाल्या की दुपारी अंगणात लई खिदळतात. कोण, असं मी विचारलं नाही. मी शाळेतून आल्यावर लेकराचे हातपाय धुवायची आणि कधी कधी पाणी पुरायचं नाही. बस, एवढंच.

मला भीती वाटायला हवी होती. मी तशी भित्री आहे, पाल दिसली तरी खाटेवर चढते. पण आत काही हलायचंच नाही. जीप, फाटक, सुतळी, तेवढ्यालाच जागा होती.

६

तडजोडीची गोष्ट त्यांच्याकडून आली. व्हरांड्यात सासूबाई पहिल्यांदा माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. अंगाला दुकानातल्या हळदीचा वास होता, पहिल्यापासूनचा. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "माझा ल्योक गेला, सूनबाई. तुला दोन हायत. एक दे."

मी म्हटलं, "अव्वा, मला दोन नाहीत. तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी माझ्या मागं बघितलं. बाकावर शिवांजली बसली होती. एवढं मला माहीत आहे, कारण मी वळून पाहिलं नाही.

"तू देशील ती ने‍ईन," त्या म्हणाल्या. "मी निवडणार न्हाई."

सुंदररावांनी मला बाजूला शेडकडं नेलं. पाशाभाईंचं मशीन चालू होतं. सुंदरराव माझ्या हातातल्या पिशवीकडं बघत होते.

"तीन नंबरची द्या," ते म्हणाले.

मला हसू आलं. चार-सहा महिन्यांत पहिल्यांदा. ते हसले नाहीत. म्हणाले, कागदावर दोन आहेत, कागदावरली एक द्या. दोन नंबर कायम तुमच्याकडं, त्यांचा काही हक्क राहणार नाही, साहेबांची सही, शिक्का. मग कुणी फाटकाशी येणार नाही. तीन नंबर घ्यायला ते येतील, घरात बघतील, नसेल तर जातील. "कावून इचार करता? तुमचं काय जातं?"

माझं काय जात होतं ते मी खरंच शोधून पाहिलं. काही सापडलं नाही.

पाशाभाईंनी तडजोड टाइप केली. या वेळी मी सगळी वाचली. मशीनमधून पान ओढताना ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "ताई, तिला इचारलं का?" कुणाला, असं मी म्हटलं असेन. त्यांनी कार्बन काढून पान माझ्यापुढं ठेवलं.

साहेबांनी विचारलं, स्वखुशीनं करताय ना. मी हो म्हटलं. अज्ञान मुलींच्या हिताचं आहे ना. हो म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून बाकाकडं एकदा बघितलं. एक नजर इकडं, एक थोडी तिकडं. आणि सही केली.

त्या रात्री मी झोपले. पहाटेपर्यंत, एका कुशीवर.

७

घ्यायला येणार तो दिवस गुरुवार. मी शाळेतून अर्धी रजा घेतली. मी ठरवलं होतं की आपण दारात जायचंच नाही. ते घर बघू म्हणाले तर वच्छलाबाई बघतील. भांडण झालं तर कागद आहे.

दुपारी बाराला गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. कागद वगैरे काही ध्यानात राहिलं नाही. अंगणात ऊन इतकं होतं की डोळे उघडत नव्हते. लेकरू नळाजवळ पाठमोरं बसून काहीतरी खेळत होतं. मी मागून दंड धरला, ओढत आत आणलं आणि दोन्ही कड्या लावल्या. उन्हातून आल्यानं आत काही दिसत नव्हतं. तिचा हात माझ्या हातात होता, ओला आणि गरम. मी तो सोडला नाही. दुसऱ्या हातानं खिडकीचं दार बोटभर उघडलं.

जीप आमच्याच दारात थांबली. मन्मथप्पा उतरले नाहीत. सासूबाई उतरल्या. त्यांनी हाक मारली नाही, कडी वाजवली नाही, घर दाखव म्हणाल्या नाहीत. मी वाट बघत होते की त्या आता विचारतील, कुठाय. त्या अंगणात आल्या. खिडकीतून मला नळ दिसत नाही. त्यांचा आवाज ऐकू आला, हळू, पोरांशी बोलताना असायचा तसा.

"चल माय. पायरी बघून."

वच्छलाबाई ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सांभाळून न्या हो." आणि मग चपला वाजल्या. लहान, रबरी, ओल्या. चार पायऱ्या. मी मोजल्या, कारण आमच्याकडं चारच आहेत.

माझ्या हातातला हात हलला नाही.

मग खिडकीच्या फटीत सासूबाईंची पाठ आली. त्या कुणालातरी कडेवर घेऊन जीपमध्ये चढत होत्या. एका बाजूला झुकल्या होत्या, वजन असल्यासारख्या. खांद्यावरून काही दिसत नव्हतं, फक्त फितीचं टोक. सकाळी मी वेणी घातली होती. फीत लाल होती का निळी, ते मला आठवेना. आठवत राहिले. जीप सुरू झाली. तेव्हा खांद्यावरून एक लहान हात बाहेर आला, घराकडं. तो हलला नाही. मूठ उघडली, मिटली. उघडली, मिटली.

जीप वळली तरी मी उभी होते. तो संपेपर्यंत उभं राहायची मला सवय आहे.

नंतर गल्लीत धूळ खाली बसली आणि वच्छलाबाईंच्या सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला. खोलीत आता दिसायला लागलं असणार. मी खिडकीकडं तोंड करूनच उभी राहिले. मनाला सांगितलं की कोणत्याही पोराची मूठ उघडते आणि मिटते, आणि हातातला हात खरा आहे, गरम आहे, माझाच आहे, साहेबांची सही आहे त्यावर. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, भूक लागली का.

तिनं हात माझ्या हातात नीट बसवला.

"आई," ती म्हणाली, "शिवांजली परत कधी येणार?"